जुनी शिडाची बोट स्वतः दुरुस्त करायची, तर पैसा आधी कुठे घालायचा?

जगभरातल्या बोटयार्डांच्या मागच्या अंगाला जुन्या शिडाच्या बोटी वर्षानुवर्षं टेकूंवर उभ्या असतात. मालकाचा उत्साह संपलेला, जागेचं भाडं चढत चाललेलं, त्यामुळे बोट कवडीमोलात मिळते. कधी कधी तर ‘इथून हलवा’ एवढीच अट असते. इतकी जुनी बोट मुळात शिल्लक राहते ती फायबरग्लासमुळे, म्हणजे रेझिन नावाच्या कडक होणाऱ्या चिकट द्रवात बसवलेल्या काचतंतूंमुळे. १९५९ साली न्यूयॉर्कच्या बोट-प्रदर्शनात २८ फुटी ‘ट्रायटन’ आली. त्या सुमारास काचतंतू आणि रेझिनच्या शिडबोटी मोठ्या संख्येने बनू लागल्या, आणि त्या पिढीतल्या कितीतरी बोटी आजही पाण्यावर आहेत. लाकडासारखी कीड नाही, पोलादासारखा गंज नाही. बोटीचं मुख्य धड, म्हणजे हल, मालकांच्या दोन-तीन पिढ्या पाहू शकतं.

फसगत होते ती इथेच. हल टिकतो, पण हलला जोडलेलं जे काही असतं ते टिकत नाही. डोलकाठी ताणून धरणाऱ्या तारा, शिडं, इंजिन, वायरिंग, पाइप, खिडक्यांची सीलं हे सगळं आपापल्या वयाने संपतं. आणि त्याची किंमत बोट केवढ्याला मिळाली यावर ठरत नाही, बोट केवढी मोठी आहे यावर ठरते. फुकटातल्या बोटीला तार सवलतीत मिळत नाही.

म्हणून बचतीचा सगळ्यात मोठा निर्णय खरेदीआधीच होऊन जातो, तो म्हणजे लांबीचा. २५ फुटी आणि ३० फुटी बोटीत फरक पाचच फुटांचा दिसतो. पण त्याच आकाराची बोट सगळ्या बाजूंनी तेवढ्याच पटीत मोठी केली, तर रंगवायचं क्षेत्रफळ १.४४ पट होतं आणि वजन जवळजवळ १.७३ पट. तारेची जाडी, विंचचा, म्हणजे दोर ओढायच्या फिरकीचा, आकार, नांगर, इंजिनाची ताकद हे सगळं त्या वजनाच्या मागे धावतं. हातात पैसा कमी असेल तर लहान बोट घ्यावी, एवढं मी ठासून सांगेन. आत ताठ उभं राहता येत नाही याचा त्रास काही दिवसांत अंगवळणी पडतो, खर्चाचा पडत नाही.

कामांची रांग

कमी पैशातली दुरुस्ती म्हणजे स्वस्त सामान शोधणं, असा समज असतो. खरी बचत होते ती कोणतं काम आधी, कोणतं नंतर आणि कोणतं करायचंच नाही हे ठरवण्यात. बोटीवरच्या प्रत्येक दोषाला ओळीने तीन प्रश्न विचारायचे: हा दोष बोट बुडवू शकतो का? नसेल तर डोलकाठी पाडू शकतो का? तेही नसेल तर बोट वळवणं, थांबवणं, घरी आणणं यात आडवा येईल का? या तिन्हींना ‘नाही’ असं उत्तर आलं तर तो दोष थांबू शकतो. फिकट पडलेला रंग, फाटक्या गाद्या, ओरखडलेलं लाकूडकाम हे सगळं या चौथ्या गटातलं. गंमत अशी की बहुतेक जण सुरुवात इथूनच करतात, कारण ते डोळ्यांना दिसतं आणि सुट्टीच्या एका दिवसात सुधारतं. मग गाद्यांना नवी कापडं चढतात आणि डेक, म्हणजे बोटीचं वरचं छत, गळत असतो, त्यामुळे ती कापडं भिजतात.

दुसरी तशीच खोड म्हणजे सगळी बोट एकदम उघडणं. आतलं सामान काढलं, इंजिन काढलं, खिडक्या काढल्या, वायरी ओढून काढल्या. मोकळं झाल्यासारखं वाटतं खरं, पण आता बोट पाण्यात उतरायची तर प्रत्येक काम पूर्ण झालंच पाहिजे. तोवर यार्डाचं भाडं चालू. अर्धवट सोडलेल्या बोटी विकायला निघतात त्या बहुधा याच टप्प्यावर. एक व्यवस्था उघडावी, संपवावी, बंद करावी, मग पुढची. जी बोट मधूनमधून पाण्यात उतरते तिच्यावर काम करायची इच्छाही टिकते.

घेण्यापूर्वी वाजवून पाहा

ज्या कामासाठी पैसे मोजून दुसऱ्याला बोलवावं असं मी म्हणेन, ते म्हणजे खरेदीपूर्वीची सर्वेक्षकाकडून तपासणी. पण आधी स्वतः पाहून नापास करता येतील अशा बोटी खूप असतात, आणि त्यासाठी प्लास्टिकच्या डोक्याची हातोडी, टॉर्च आणि जुने कपडे पुरतात.

बहुतेक फायबरग्लास बोटींचा डेक एकसंध नसतो. वर आणि खाली काचतंतूंचे पातळ थर, मध्ये बाल्सा लाकडाचा, प्लायवूडचा किंवा फोमचा गाभा. यामुळे डेक हलका राहूनही कडक होतो. त्याला शेकडो स्क्रू आणि बोल्टांची भोकं असतात, आणि प्रत्येक भोकातलं सीलंट, म्हणजे फट बुजवणारा लेप, कधी ना कधी मरतं. मग पावसाचं पाणी गाभ्यात शिरतं आणि तिथेच राहतं, कारण बाहेर पडायला वाट नसते. बाल्साचा लगदा होतो, थर सुटे पडतात. मडकं वाजवून घेतात तसा डेक हातोडीने हलके ठोकत जायचं. चांगल्या जागी टणक, स्वच्छ आवाज येतो. कुजलेल्या जागी तो बद्द होतो. खडूने त्या जागेभोवती रेघ मारायची. शेवटी डेकवर खडूचा जो नकाशा तयार होतो तोच तुमचा वाटाघाटीचा कागद. तळहाताएवढे दोन-चार डाग ठीक. निम्मा डेक बद्द वाजत असेल तर बोट कितीही गोंडस असो, निघून यावं.

आत शिरल्यावर डोलकाठीच्या खालची जागा पाहायची. काही बोटींत डोलकाठी डेकवर टेकते आणि तिचा भार खाली एक खांब किंवा आडभिंत पेलते. तो खांब बुडाशी कुजला की डेक खाली दबतो. त्याची चाहूल अनपेक्षित जागी लागते: आतलं एखादं दार चौकटीत घासतं किंवा बंदच होत नाही.

सुकाणूही फसवतं. बाहेरून ते भरीव पातं दिसतं, पण आत फोम असतो आणि मधल्या धातूच्या दांड्याला वेल्ड केलेल्या पट्ट्या असतात. दांडा एकाने घट्ट धरायचा, दुसऱ्याने पातं हलवून पाहायचं. दांडा जागच्या जागी राहून पातं हललं, तर आतल्या पट्ट्या सुटल्या आहेत.

कीलबद्दल मात्र हौसेने अंदाज बांधू नयेत. कील म्हणजे बोटीखालचं ते जड शिशाचं किंवा बिडाचं पातं, जे बोटीला सरळ ठेवतं. अनेक बोटींत ते मोठ्या बोल्टांनी हलला जोडलेलं असतं. सांध्यावर बारीक रेघ दिसणं नेहमीचंच; पण त्या रेघेतून गंजाचं पाणी झिरपत असेल, किंवा आत बोल्टांच्या आसपास भेगा असतील, तर तज्ज्ञ बोलवावा. मे २०१४ मध्ये ‘चिकी रफिकी’ नावाची शर्यतीची बोट अँटिग्वाहून साउथॅम्प्टनला परतत असताना अटलांटिकमध्ये तिचं कील सुटलं आणि चारही खलाशी गेले. ब्रिटिश सागरी अपघात तपास यंत्रणेच्या अहवालात शक्यता मांडली होती ती अशी: आधी बोट तळाला घासण्याचे प्रसंग आणि त्यानंतरच्या दुरुस्त्या यांमुळे कीलभोवतीची जोडणी कमकुवत झाली असावी. म्हणजे जुन्या बोटीच्या मालकाला विचारायचा प्रश्न ‘बोल्ट कसे आहेत’ एवढाच नाही, ‘ही बोट कधी खडकाला लागली होती का’ हाही आहे.

तळावरचे फोड लोकांना नको तितके घाबरवतात. पाणी जेलकोटमधून, म्हणजे बाहेरच्या गुळगुळीत रेझिनच्या थरातून, हळूहळू आत झिरपतं, रेझिनमधले पाण्यात विरघळणारे घटक त्यात उतरतात, तयार झालेलं द्रावण आणखी पाणी ओढून घेतं आणि फोड येतो. फोडला तर आंबूस वासाचं पाणी निघतं. ज्यांच्या बुडाशी काचतंतू शाबूत आहेत असे विखुरलेले फोड म्हणजे कष्टाचं काम आहे, संकट नाही: घासून उघडायचे, गोड्या पाण्याने पुन्हापुन्हा धुवायचे, पूर्ण वाळू द्यायचे, इपॉक्सी नावाच्या दोनघटकी रेझिनने भरायचे. वाळवणं हाच यातला लांबलचक भाग, आणि तो फुकट होतो. फक्त घाई करायची नाही.

लाकडी आणि पोलादी बोटींबद्दल थोडक्यात. लाकडी बोटीला समुद्रापेक्षा पावसाचं पाणी जास्त खातं. कुजवणाऱ्या बुरशीला गोडं पाणी मानवतं, खारं तितकंसं नाही. ती दुरुस्त करायला सुतारकाम यावं लागतं किंवा शिकायची तयारी लागते. पोलादी बोट सहसा आतून गंजते, जिथे हात पोचत नाही तिथे. पहिल्याच बोटीला आणि तुटपुंज्या बजेटला फायबरग्लास बरा, भले त्याला लाकडाचं देखणेपण नसो.

आधी वरचं पाणी

बोट ताब्यात आली की पहिल्या दिवशी सगळ्यात मोलाचं सामान म्हणजे ताडपत्री. ती अशी बांधायची की पाणी वाहून जाईल आणि खालून वारा खेळेल. कॉकपिटची, म्हणजे सुकाणूजवळच्या बसायच्या जागेची, निचऱ्याची भोकं पाल्याने तुंबलेली असतात. ती मोकळी करायची. पाऊस पडला की अशा तुंबलेल्या कॉकपिटचं तळं होतं आणि पाणी आत उतरतं. आतल्या गाद्या, जुनी दोरखंडं, ओली फळकुटं बाहेर काढायची, कप्प्यांची झाकणं उघडी ठेवायची. एवढ्याने बोट बिघडायची थांबते, आणि तुम्हाला विचार करायला सवड मिळते.

मग डेकवरचं एकेक फिटिंग काढून पुन्हा बसवायचं. हे काम कंटाळवाणं आहे आणि संपूर्ण दुरुस्तीत पैशामागे सगळ्यात जास्त फळ देणारं आहे. नुसतं नवं सीलंट भरून पुरत नाही, कारण ते सीलंटही एक दिवस मरेल. कायमचा उपाय असा: फिटिंग काढायचं, भोक मोठं करायचं, आजूबाजूचा गाभा थोडा खरवडून बाहेर काढायचा, खालून चिकटपट्टी लावून ती पोकळी पुट्टीसारख्या घट्ट इपॉक्सीने भरायची. कडक झाल्यावर तिच्या मधोमध बोल्टाचं भोक पाडायचं. आता पुढेमागे सीलंट गळलं तरी पाणी इपॉक्सीला लागतं, गाभ्यापर्यंत जात नाही. केबिनमध्ये थेंब पडेल, डेक कुजणार नाही.

सीलंट निवडताना एक विचार आधी करायचा: हे कधी उघडावं लागेल का? ब्युटाइल टेप वर्षानुवर्षं मऊ राहते आणि डेक-फिटिंगला उत्तम चालते. पॉलियुरेथेनचे जहाल प्रकार इतके धरतात की फिटिंग काढताना जेलकोटच उचकटतो, म्हणून ते पाण्याखालच्या कायमच्या जोडांसाठी राखावेत. पॉलिसल्फाइड टिकाऊ असतं, पण काही प्लास्टिकांना ते खातं. ॲक्रिलिक किंवा पॉलिकार्बोनेटच्या खिडक्यांना लावू नये. आणि घरातल्या कपाटात सापडलेली सिलिकॉनची नळी सरसकट वापरायचा मोह टाळावा. ती निघाली तरी तिचा अदृश्य थर मागे राहतो, त्यावर नंतर रंग धरत नाही आणि दुसरं सीलंटही धरत नाही.

डेकचा गाभा खरंच कुजला असेल तर वरचा थर चौकोनात कापून उचलायचा, लगदा खरवडायचा, खालचा थर कोरडा होऊ द्यायचा, नवा गाभा घट्ट इपॉक्सीत बसवायचा आणि वरून पुन्हा काचतंतू लावायचे. सांध्याची ताकद उतारावर अवलंबून असते. जुन्या थराची कडा १२ ला १ या प्रमाणात तिरकी घासतात: थर ३ मिलिमीटरचा असेल तर उतार साधारण ३६ मिलिमीटर रुंद. काही जण हे काम केबिनच्या आतून करतात, म्हणजे वरचा डेक विद्रूप होत नाही. पण मग गुरुत्वाकर्षण तुमच्या विरुद्ध आणि रेझिन तुमच्या केसांत. नवख्याने वरूनच करावं. भोकं पाडून इपॉक्सी टोचण्याचा सोपा उपाय खूप सांगितला जातो. तो चालतो फक्त गाभा कोरडा असेल आणि थर नुसते सुटले असतील तेव्हा. ओल्या लगद्यात कोंबलेलं इपॉक्सी लगदा आतच बंदिस्त करतं.

रेझिनशी जमवून घेणं

पॉलिएस्टर रेझिन स्वस्त, इपॉक्सी महाग. तरीही दुरुस्तीला इपॉक्सी घ्यावं, कारण जुन्या, पूर्ण कडक झालेल्या पॉलिएस्टरवर नवं पॉलिएस्टर तितकं धरत नाही. इपॉक्सी चांगलं धरतं. एकदा इपॉक्सी लावलं की मात्र त्यावर पुढचे थरही इपॉक्सीचेच. काचतंतूही जुळणारे हवेत. सुट्या तंतूंची जी साधी चटई मिळते तिच्यातला डिंक बहुधा पॉलिएस्टरमधल्या स्टायरीनने विरघळावा असा केलेला असतो, इपॉक्सीत तो तसाच ताठ राहतो. विणलेलं किंवा शिवलेलं कापड घ्यावं.

इपॉक्सीत हार्डनर, म्हणजे ते कडक करणारा दुसरा घटक, जास्त टाकला की लवकर कडक होतं, असं वाटतं. तसं होत नाही. ठरलेल्या प्रमाणात दोन्ही घटक एकमेकांशी बांधले जातात. एक जास्त झाला तर उरलेला भाग आत मऊच राहतो. वेग हवा तर वेगवान हार्डनर घ्यायचा, मात्रा बदलायची नाही. भांड्यात मोठा साठा कालवून ठेवला तर त्याची स्वतःची उष्णता कोंडते, धूर निघतो आणि ब्रश आत अडकून दगड होतो. थोडं कालवावं, उथळ ट्रेमध्ये पसरावं. कडक झालेल्या पृष्ठभागावर कधी कधी मेणचट थर येतो. तो आधी पाण्याने आणि खरखरीत पॅडने धुवायचा, मगच घासायचं. उलट केलं तर तो थर घासून आत बसतो आणि पुढचा रंग सुटतो.

इथे पैसे वाचवू नयेत अशी एक जागा आहे: हातमोजे आणि मास्क. इपॉक्सी वारंवार कातडीला लागलं तर ॲलर्जी होऊ शकते, आणि ती एकदा झाली की सहसा जन्मभर राहते. बोट अर्धी आणि तुम्ही कामातून बाद. हाताला लागलेलं रेझिन सॉल्व्हंटने पुसू नये, ते त्याला कातडीत आणखी आत नेतं. धुळीचा साधा मास्क वाफा अडवत नाही, त्याला सेंद्रिय वाफांची कार्ट्रिज लागते. जुना तळरंग तर कोरडा घासूच नये. शेवाळ आणि शिंपले मारण्यासाठी त्यात विष घातलेलं असतं, आणि खूप जुन्या थरांत ट्रायब्युटाइल टिन असू शकतं. त्यावर बंदी आणणारा आंतरराष्ट्रीय करार २००१ साली झाला आणि २००८ पासून लागू झाला. ओलं घासायचं, गाळ गोळा करायचा.

भोकं आणि तारा

हलला पाण्याखाली मुद्दाम पाडलेली भोकं असतात: इंजिन थंड करणाऱ्या पाण्यासाठी, सिंकसाठी, संडासासाठी. प्रत्येकावर सीकॉक नावाचा झडपेचा नळ असतो. पाण्याखाली दोन फुटांवर दीड इंची भोक उघडं पडलं तर मिनिटाला साधारण दीडशे ते दोनशे लिटर पाणी आत येतं. हातपंपाला ते झेपत नाही. साधं पितळ इथे धोक्याचं. खाऱ्या पाण्यात त्यातलं जस्त निघून जातं, उरतं ते गुलाबीसर, सच्छिद्र तांबं, जे बाहेरून अखंड दिसतं आणि हातोडीच्या टिचकीने तुटतं. कांसं, जस्त न सोडणारं खास पितळ किंवा काचतंतूमिश्रित प्लास्टिक यांपैकी काही वापरावं. याहून स्वस्त उपाय म्हणजे नको असलेली भोकं कायमची बुजवणं. छोट्या बोटीत सिंकचं पाणी बादलीत घेतलं तर एक भोक, एक नळ, एक पाइप आणि एक काळजी कमी होते. उरलेल्या प्रत्येक नळाशेजारी त्या मापाची मऊ लाकडाची खुंटी दोरीने बांधून ठेवायची.

डोलकाठी उभी ठेवणाऱ्या तारा बहुधा स्टेनलेस स्टीलच्या, १९ तंतूंच्या असतात. दहा-पंधरा वर्षांनी त्या बदलाव्यात असा रिवाज आहे आणि विमावालेही तो धरून चालतात. तार तुटते ती मधे कमी, टोकाच्या दाबून बसवलेल्या टर्मिनलपाशी जास्त. तिथे कापूस फिरवायचा. तुटलेला तंतू तो पकडतो. एक तंतू तुटलेला दिसला तरी ती तार बाद. नव्या तारेला हाताच्या पान्याने बसणारी मेकॅनिकल टर्मिनलं लावली तर दाबयंत्रावाल्याची मजुरी वाचते, आणि पुढच्या वेळी तीच टर्मिनलं आतला शंकू बदलून पुन्हा वापरता येतात.

तारेपेक्षा जास्त दुर्लक्षित असतात चेनप्लेट, तारांचा ताण हलपर्यंत पोचवणाऱ्या पट्ट्या. त्या डेकमधून खाली जातात, आणि नेमक्या त्या लपलेल्या इंचभर जागेत मरतात. स्टेनलेस स्टील न गंजण्याचं कारण त्यावरचा क्रोमियम ऑक्साइडचा पातळ थर. तो टिकायला प्राणवायू लागतो. ओल्या, हवा न लागणाऱ्या फटीत तो थर तुटतो आणि धातू आतून पोखरतो. वर आणि खाली पट्टी चकचकीत, मधे भेग. म्हणून पट्ट्या पूर्ण बाहेर काढून पाहायच्या. रंगद्रव झिरपवून भेगा दाखवणारा स्प्रे मिळतो, तो वापरावा. डोलकाठी ॲल्युमिनियमची आणि तिच्यावरचे स्क्रू स्टेनलेसचे असतात, खाऱ्या पाण्यात त्या दोघांचं जमत नाही. स्क्रू बसवताना मधे लॅनोलिन (लोकरीतला मेणचट पदार्थ) किंवा त्यासाठीची खास पेस्ट लावली की पुढच्या मालकाचे शिव्याशाप वाचतात.

जुन्यावर भागतं अशाही वस्तू आहेत. विंच क्वचितच मरतात. उघडायचं, वाळकं ग्रीस रॉकेलने धुवायचं, उलटं फिरणं अडवणारे छोटे खटके आणि त्यांच्या स्प्रिंगा बदलायच्या, हलकं तेल-ग्रीस लावायचं. शिडांत कापडाआधी शिवणीचा दोरा उन्हाने जातो. कापड नखाने ओरखडून फाटत नसेल तर नुसती पुन्हा शिवण मारून शीड आणखी काही हंगाम चालतं. वापरलेली शिडं दुसऱ्या बोटींचीही चालतात, फक्त आपल्या डोलकाठीची उंची, आडव्या दांड्याची लांबी आणि पुढच्या तारेपर्यंतचं अंतर नीट मोजलेलं असावं.

इंजिन आणि वीज

जुनं डिझेल इंजिन हवा, स्वच्छ इंधन आणि दाब एवढंच मागतं. थंड असताना सुरू करून दाखवा असा आग्रह धरायचा. मालकाने आधीच तापवून ठेवलेलं इंजिन काही सांगत नाही. काळा धूर म्हणजे इंधन पूर्ण जळत नाही, निळा म्हणजे ऑइल जळतंय, सतत पांढरा म्हणजे न जळलेलं डिझेल किंवा पाणी. ऑइल दुधाळ असेल तर आत पाणी शिरलंय. जाम इंजिन खोलून बांधणं हा एक वेगळाच छंद आहे. छोट्या बोटीला मागे टांगायचं वापरलेलं आउटबोर्ड बरेचदा कमी खर्चात काम भागवतं. मोठ्या लाटांत त्याचा पंखा पाण्याबाहेर येतो आणि पेट्रोल बाळगावं लागतं, हे दोन तोटे.

वायरिंगमध्ये जुनं जोडत बसण्यापेक्षा सगळं काढून थोडकं नवं करावं: दिशादर्शक दिवे, एक पंप, एक रेडिओ, केबिनमध्ये दोन दिवे. वायर अनेक बारीक तारांची आणि कथिलाचा मुलामा दिलेली हवी. घरातली एकसंध तारेची वायर हादऱ्यांनी तुटते. फ्यूज बॅटरीच्या जितका जवळ तितका चांगला, कारण फ्यूजच्या अलीकडे शॉर्ट झालं तर त्याला अडवणारं काही नसतं. गॅसची शेगडी ठेवणार असाल तर लक्षात असू द्या, एलपीजी हवेपेक्षा जड आहे. गळलेला गॅस बोटीच्या तळाशी साचतो आणि उघड्या दारातून आपोआप बाहेर जात नाही. सिलिंडरचा कप्पा बंदिस्त आणि बाहेरच्या बाजूला निचरा असलेला लागतो. ते जमत नसेल तर स्पिरिटची शेगडी.

रंगाचं काम शेवटी. त्यात रंग लावणं हा सगळ्यात छोटा भाग. बाकी सगळं घासणं. एकघटकी पॉलियुरेथेन रोलरने लावून लगेच कोरड्या ब्रशच्या टोकाने हलकं ओढलं तर दोन पावलांवरून फवारल्यासारखं दिसतं. दोनघटकी रंग जास्त टिकतो, पण त्यातल्या आयसोसायनेट या रसायनामुळे तो स्वतः फवारणं टाळावं. त्याचे तुषार फुप्फुसांत जाणं घातक असतं. बजेटमध्ये सॅंडपेपर, ब्रश, मोजे, ॲसिटोन, चिकटपट्टी यांचा रकाना वेगळा ठेवा. हे किरकोळ म्हणून धरलं जात नाही आणि शेवटी रेझिनच्या बरोबरीने जाऊन बसतं. आणि टेकूंची साखळी कधीही सोडू नका. एकमेकांना साखळीने बांधलेले टेकू बोटीच्या भाराने सरकत नाहीत. तळ रंगवायला ‘जरा बाजूला’ केलेला टेकू बोट आडवी पाडू शकतो.

पाण्यात उतरवताना क्रेनवाल्याला उचलायचे पट्टे लगेच काढू देऊ नका. बोट पट्ट्यांत तरंगत असतानाच आत जाऊन प्रत्येक सीकॉक, पंख्याच्या दांड्याचं सील आणि सुकाणूची नळी हाताने चाचपायची. जुन्या पद्धतीच्या सीलमधून दांडा फिरताना अधूनमधून थेंब पडणं ठीक, धार नाही. त्या रात्री बोटीवरच झोपावं आणि मधे एकदा उठून तळ पाहावा. पहिली फेरी मंद वाऱ्यात, किनाऱ्याजवळ. नव्या तारा सुरुवातीला ताणून किंचित लांबतात, त्यामुळे परत आल्यावर वारा येतो त्याच्या पलीकडच्या बाजूची तार सैल लोंबत होती का ते आठवून टर्नबकल, म्हणजे तार ताणायचे स्क्रू, फिरवायचे, आणि ते आपोआप उलगडू नयेत म्हणून पिना वाकवून त्यांवर चिकटपट्टी गुंडाळायची, नाहीतर शिडं त्यांवर फाटतात.